एकलहरे आणि तापमानाचे मोजमाप

नाशिकरोडच्या पूर्वेस, गोदावरीच्या काठी वसलेल्या मौजे एकलहरे या गावाचे नाव तालुक्याच्या दप्तराबाहेर सर्व महाराष्ट्रात पोहोचले ते तेथील औष्णिक विद्युत केंद्रामुळे. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने येथे प्रत्येकी १४० मेगावॅटचे दोन संच उभारले, ते १९७० व १९७१ साली चालू झाले. आणि पुढे १९७९ ते १९८१ या अवधीत प्रत्येकी २१० मेगावॅटचे आणखी तीन संच सेवेत रुजू झाले. या केंद्राचा इतिहास सांगणारे कोळशाच्या वाघिणी, गगनस्पर्शी धुराडी आणि राखेचे बंधारे यांविषयी भरभरून बोलतात. परंतु ज्या एका राशीवर तेथील सर्व कारभाराची भिस्त होती त्या तापमानाचा, आणि ते अहोरात्र मोजणाऱ्या माणसांचा, उल्लेख क्वचितच होतो.

तापमान म्हणजे पदार्थात साठलेल्या उष्णतेचे परिमाण नव्हे. पदार्थाच्या कणांची जी अखंड, दिशाहीन हालचाल चालू असते, तिच्या सरासरी ऊर्जेचे ते निदर्शक आहे, आणि उष्णता कोठून कोठे वाहील याचा निवाडा तेच करते. या भेदाचे एकलहऱ्याइतके ठसठशीत उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. या पिढीच्या संचांत कोळशातील ऊर्जेचा सुमारे एकतृतीयांश हिस्सा विजेत उतरतो. उरलेल्या ऊर्जेपैकी बहुतांश भाग टर्बाइनखालच्या संघनकात थंड पाण्याच्या स्वाधीन होतो. ते पाणी शीतकरण मनोऱ्याकडे निघते तेव्हा त्यातील उष्णता अफाट असते, पण तापमान जेमतेम चाळीस अंशांच्या आसपास. म्हणून तिच्याकडून काम करून घेता येत नाही. याचे मूळ कारण सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ सालीच सांगितले होते: यंत्राला किती काम देता येईल हे वरच्या व खालच्या तापमानांतील अंतरावर ठरते. साहजिकच वाफ जितकी तप्त तितके बरे.

मात्र पोलादाला मर्यादा आहे. २१० मेगावॅटच्या संचात मुख्य वाफेचे तापमान ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास मुक्रर केलेले असते. त्यावर ते दीर्घकाळ गेले तर नळ्यांचे पोलाद दाबाखाली अत्यंत मंद गतीने ताणत जाते आणि एके दिवशी नळी फुटते. फार खाली घसरले तर कार्यक्षमता घटते, आणि टर्बाइनच्या शेवटच्या पात्यांवर वाफेतील जलबिंदूंचा मारा वाढतो. पाण्याचा फवारा सोडून वाफेला त्या अरुंद पट्ट्यात राखणे हे पाळीवरच्या माणसांचे कसब होते.

पण मोजायचे कसे? कोणताही तापमापक खरोखर स्वतःचेच तापमान सांगतो. तो भोवतालच्या पदार्थाशी समतोलात येईल एवढीच तजवीज आपण करू शकतो. फॅरनहाइटने १७१४ साली केलेला पाऱ्याचा तापमापक, आणि त्यानंतर सेल्सिअसने १७४२ साली मांडलेली शतांश श्रेणी (तिच्यात त्याने उकळबिंदूला शून्य व गोठणबिंदूला शंभर म्हटले होते), यांनी वैद्यकाची व हवामानशास्त्राची मोठी सेवा केली. परंतु पारा ३५७ अंशांस उकळतो, तेव्हा ५४० अंशांच्या वाफेपुढे त्याचा इलाज नव्हता. इतके उच्च तापमान मोजण्याचा मार्ग १८२१ साली सीबेक यांच्या शोधाने मोकळा केला: दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून त्यांच्या दोन सांध्यांत तापमानाचा फरक ठेवला की मंडलात विद्युत निर्माण होते. हेच थर्मोकपल. निकेल-क्रोमियम व निकेल-ॲल्युमिनियम या मिश्रधातूंची जोडी, पोलादी कोशात बसवून, वाफेच्या नळात उतरवतात; ५४० अंशांस तिच्यातून अवघे २२ मिलिव्होल्ट मिळतात. ज्या जनित्राच्या टोकांशी १५,७५० व्होल्ट उभे असत, त्याचे सारे भवितव्य या क्षीण संकेतावर तोलले जाई, ही गोष्ट मला त्या जनित्राच्या विशालतेहूनही अधिक विस्मयकारक वाटते.

भट्टीतील ज्वाळेपाशी तर तारही टिकत नाही. तेथे प्रकाशच साक्षी होतो. नाशिकच्या तांबटांनी व कासारांनी पिढ्यान्‌पिढ्या मुशीतील रसाचा रंग पाहून ओतण्याचा क्षण ओळखला. त्याच दृष्टीला गणिताचा आधार १९०० साली मॅक्स प्लांक यांच्या प्रारण-नियमाने मिळाला, आणि झरोक्यातून ज्वाळेच्या तेजाशी तप्त तंतूचे तेज जुळवून तापमान वाचणारे प्रकाशीय उत्तापमापक त्याच तत्त्वावर चालतात. योगायोग असा की तांबे गोठण्याचा १०८४.६२ अंश हा बिंदू १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीत प्रमाण म्हणून नोंदला गेला आहे.

विद्युत मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन केंद्र महानिर्मिती या वीजनिर्मिती कंपनीकडे आले. पहिले दोन संच निवृत्त झाले, आणि आज २१० मेगावॅटचे तीन, म्हणजे ६३० मेगावॅट क्षमतेचे संच उरले आहेत. निवृत्त संचांच्या तापमानाच्या नोंदवह्या, कागदी पट्टीवर रेघ ओढणारी आलेखयंत्रे आणि कोशांसह थर्मोकपल यांपैकी जे काही हाती लागेल, ते भंगाराच्या लिलावात न घालता महानिर्मितीने नाशिकमध्येच एखाद्या दालनात जतन करावे, आणि ज्यांनी ते अंश वाचले त्या निवृत्त कर्मचाऱ्यांची साक्ष, ते आपल्यात आहेत तोवर, लिहून घ्यावी.