घटस्फोटानंतरचा पती

चित्रपटतारकांची नावे इतिहासात टिकतात. त्यांच्या पूर्वाश्रमीच्या पतींना मात्र काळ बहुधा विसरून जातो. मेरिलिन मन्रोचा दुसरा पती जो डिमॅजिओ हा याला अपवाद आहे. त्यांचा संसार जेमतेम नऊ महिने टिकला. परंतु या माणसाची खरी ओळख पटते ती संसार मोडल्यानंतरच्या चव्वेचाळीस वर्षांत.

जोचे घराणे मच्छीमारांचे. वडील ज्युसेप्पे हे सिसिली बेटावरील इसोला देल्ले फेम्मिने या किनाऱ्यावरच्या गावातून अमेरिकेला गेले. २५ नोव्हेंबर १९१४ रोजी कॅलिफोर्नियातील मार्टिनेझ येथे जोचा जन्म झाला. नऊ भावंडांत तो आठवा. पुढे हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच या इटालियन वस्तीत स्थायिक झाले. मुलांनी होडीवर यावे, ही वडिलांची इच्छा. पण जोला मासळीचा वास सोसत नसे. वडिलांच्या लेखी तो आळशी ठरला. या आळशी मुलाने हाती बॅट घेतली आणि १९३६ साली तो न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघात दाखल झाला. १९४१ साली त्याने सलग ५६ सामन्यांत यशस्वी फटका मारण्याचा विक्रम केला. तो आजतागायत कोणाला मोडता आलेला नाही. तेरा हंगामांत त्याच्या संघाने नऊ वेळा अजिंक्यपद पटकावले.

त्याच १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली आणि इटली शत्रुराष्ट्र ठरले. जोच्या आईवडिलांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले नव्हते. मुलगा अवघ्या देशाच्या गळ्यातला ताईत, तर बापाला ज्या खाडीत हयात घातली तेथे मासेमारीची बंदी! जो स्वतः १९४३ साली सैन्यात भरती झाला.

जोचा पहिला विवाह १९३९ साली नॉर्थ बीचच्या संत पेत्र व संत पौल चर्चमध्ये झाला. वधू डोरोथी अर्नोल्ड हीदेखील अभिनेत्रीच होती. त्यांना एक पुत्र झाला. मात्र १९४४ साली न्यायालयाने त्यांना घटस्फोट दिला. म्हणूनच १४ जानेवारी १९५४ रोजी मेरिलिनशी त्याचा विवाह झाला तो वेदीसमोर नव्हे, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनात, न्यायाधीशासमोर. त्या काळी अमेरिकन ख्रिस्तसभेचा नियम कठोर होता. घटस्फोटानंतर पुनर्विवाह करणाऱ्या कॅथलिकास १८८४ च्या बाल्टिमोर धर्मपरिषदेने बहिष्कृत ठरविले होते. हा दंड पोप सहावे पॉल यांनी १९७७ साली रद्द केला.

हा संसार का मोडला? जो खेळातून निवृत्त झाला होता. त्याला घर हवे होते, घरात पत्नी हवी होती. मेरिलिनची कीर्ती तर तेव्हाच शिखराकडे चालली होती. त्यात जोचा स्वभाव अबोल, तापट आणि मत्सरी. सप्टेंबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ‘द सेव्हन इयर इच’ या चित्रपटाचे चित्रीकरण झाले. जाळीतून येणाऱ्या वाऱ्याने तिचा झगा उडतो, तेच ते दृश्य. बघ्यांच्या गर्दीत जो उभा होता. त्यानंतर दोघांत कडाक्याचे भांडण झाले. ऑक्टोबरमध्ये मेरिलिनने मानसिक छळाच्या कारणावरून घटस्फोट मागितला. पतीकडून आपल्याला ऊब मिळाली नाही, अलिप्तताच मिळाली, अशा आशयाची तिची साक्ष होती. जोची बाजू घेताना ही साक्ष विसरून चालणार नाही.

पुढे मेरिलिनने नाटककार आर्थर मिलरशी विवाह केला. तोही १९६१ च्या जानेवारीत संपला. पुढच्याच महिन्यात तिला न्यूयॉर्कच्या एका मनोरुग्णालयात बंद दाराआड ठेवण्यात आले. तेव्हा तिने हाक मारली ती जोला. तो धावून आला आणि त्याने तिला तेथून बाहेर काढून दुसऱ्या रुग्णालयात हलविण्याची व्यवस्था केली. तिच्यावर त्याचा कायद्याने कोणताही हक्क उरला नव्हता. कदाचित म्हणूनच, हक्क गाजविणाऱ्या पतीला जे जमले नाही, ते हक्क गमावलेल्या मित्राला जमले.

५ ऑगस्ट १९६२ रोजी मेरिलिन मृतावस्थेत सापडली. ती छत्तीस वर्षांची होती. जोने पुढाकार घेऊन ८ ऑगस्टला तिचे अंत्यविधी साधेपणाने पार पाडले. मोजक्या माणसांखेरीज कोणालाही, अगदी हॉलिवूडच्या बड्या मंडळींनाही, तेथे प्रवेश मिळाला नाही. पुढे वीस वर्षे तिच्या थडग्यावर त्याच्या वतीने लाल गुलाब वाहिले जात होते. त्याने पुन्हा विवाह केला नाही. तिच्यावर पुस्तक लिहून अमाप पैसा मिळविणे त्याला सहज शक्य होते. अखेरपर्यंत त्याने चकार शब्द लिहिला नाही.

८ मार्च १९९९ रोजी जो निवर्तला. पहिल्या विवाहाच्या वेळी ज्या चर्चमध्ये तो नवरदेव म्हणून उभा राहिला होता, त्याच संत पेत्र व संत पौल चर्चमध्ये त्याचा अंतिम मिस्सा झाला.

जो संत नव्हता. पती म्हणून तो उणा पडला, ही गोष्ट गुलाबांनी झाकता येत नाही. तरीही त्याचे उत्तरायुष्य आपल्याला विचारात पाडते. विवाह मोडला की माणसे एकमेकांची उणीदुणी चव्हाट्यावर मांडतात. याने तिची लाज राखली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या आपल्या प्रबोधनपत्रात, घटस्फोटानंतर पुनर्विवाह केलेल्यांनी स्वतःला ख्रिस्तसभेपासून तुटलेले समजू नये, यासाठी धर्मगुरूंनी व श्रद्धावंतांनी त्यांना साहाय्य करावे, असे आवाहन केले. आपल्या धर्मग्रामातही मोडलेल्या संसारांची माणसे आहेत. चर्चमध्ये ती बहुधा मागच्या बाकावर बसतात. त्यांच्याविषयी मत बनविण्यापूर्वी, संसार मोडल्यानंतरही त्यांनी कोणाची किती काळजी वाहिली, हे आपण कधी विचारतो का?