मुरुडचा समुद्र : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीचा इतिहास

महाराष्ट्राच्या नकाशावर मुरुड नावाची एकाहून अधिक गावे आहेत. रायगड जिल्ह्यातले मुरुड जंजिऱ्यामुळे सर्वांना माहीत आहे. दापोलीजवळचे मुरुड महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आत्मचरित्रामुळे साहित्याच्या वाचकांना परिचित आहे. ही दोन्ही गावे समुद्रकाठची. तिसरे मुरुड लातूर जिल्ह्यातले, लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. जंजिऱ्याचे मुरुड आणि हे मुरुड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मात्र दोहोंच्या मध्ये सह्याद्री आहे, भीमेचे खोरे आहे, बालाघाटची रांग आहे, आणि अंतर सरळ रेषेत मोजले तरी साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. एका मुरुडात खारे पाणी दाराशी येते. दुसऱ्या मुरुडात कोणी घरी समुद्रातले मासे पाळायचे ठरवले, तर त्याला समुद्र तयार करावा लागेल. समुद्र तयार करणे म्हणजे नेमके काय, आणि ही विद्या माणसाच्या हाती कशी आली, हा या लेखाचा विषय आहे.

मराठवाड्याच्या वाङ्मयाला समुद्र अपरिचित नाही. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला दाखवली जाते, नामदेवांचे नाव नरसीशी आणि जनाबाईंचे गंगाखेडशी जोडलेले आहे. ही सारी गावे समुद्रापासून शेकडो मैल दूर. तरीही भवसागर, करुणासागर, सुखसागर हे शब्द या प्रदेशातल्या कीर्तनांत आणि ओव्यांत सहज नांदतात. हा समुद्र रूपकातला आहे. त्याला तळ नाही, काठ नाही, आणि तो कधी नासत नाही. काचेच्या पेटीतल्या समुद्राचे सारे याच्या उलट असते. त्याला चार भिंती असतात, तो मोजलेला असतो, आणि तो तीन दिवसांत नासू शकतो.

माशांविषयीचे शास्त्रीय कुतूहलही या परिसराला नवे नाही. मराठीचे अभ्यासक ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी पद्यखंडांमुळे ओळखतात. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने तो इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. लातूरच्या माणसाला ते शेजारचेच गाव. या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. समुद्रात होणारे मासे कोणते, नदीत होणारे कोणते, खवल्यांचे कोणते, कातडीचे कोणते आणि कोणाला कसले खाद्य घालावे, याची माहिती त्यात येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचे मोल आधुनिक वाचकांच्या ध्यानात आले. राजाच्या विनोदात मासा हा नायक आहे. पाण्याची चिंता राजाला करावी लागत नव्हती. नदी, तळे आणि समुद्र आपापली काळजी घेत होते. पाण्याकडे लक्ष जाण्यासाठी ते आधी एका भांड्यात कोंडले जावे लागले.

असे कोंडलेले समुद्राचे पाणी जिवंत ठेवण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये झाला. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी वरचेवर मिळणे कठीण होते, म्हणून असलेलेच पाणी ताजे ठेवण्यासाठी त्यांनी एक उपाय योजला. घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात धार धरून ओतत असे. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्रशैवाल घातले. ते प्रवाळ लंडनमध्ये वर्षानुवर्षे जगले. आज प्रत्येक मत्स्यपेटीत हवेचा पंप बुडबुडे सोडतो. त्या पंपाच्या आधी त्याच्या जागी एका मोलकरणीचे दोन हात होते. मत्स्यालयाच्या इतिहासात थिनबाईंचे नाव अलीकडे आदराने घेतले जाते. त्या मोलकरणीचे नाव मात्र इतिहासाने राखलेले नाही. आपल्याकडच्या पाण्याच्या इतिहासातही घागरी वाहणाऱ्या बायांची नावे अशीच राहिलेली नाहीत.

रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनज्ञ त्याच सुमारास गोड्या पाण्यावर प्रयोग करीत होता. त्याने एका काचपात्रात सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे जगतील, असा त्याचा हिशेब होता. परंतु पाने कुजू लागली, पाणी गढुळले. त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी निवळले. हा वृत्तान्त त्याने १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडला. समतोल मत्स्यपेटीची कल्पना येथून रूढ झाली. कल्पना सुंदर होती, पण ती अपुरी होती. कुजणे थांबवण्याचे श्रेय वॉरिंग्टनने गोगलगायीला दिले. तिच्या मागे जे अदृश्य काम चालले होते ते त्याच्या काळी कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते.

मत्स्यपेटीला लोकप्रिय केले फिलिप हेन्री गॉस याने. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ साली गॉसचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. समुद्रापासून दूर राहणाऱ्या हौशी लोकांसाठी रेल्वेने समुद्राचे पाणी आणून विकण्याचा व्यापार याच काळात सुरू झाला. गॉसने त्याला पर्याय दिला. समुद्राच्या पाण्याच्या रासायनिक पृथक्करणाचा आधार घेऊन त्याने साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड या चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृती प्रसिद्ध केली. समुद्र आता वाहून न्यावा लागणार नव्हता, तो विरघळवता येणार होता. पुढे बर्लिनसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातले मोठे मत्स्यालय कृत्रिम समुद्रजलावर चालले.

गॉसच्या कृतीला भक्कम पाया मिळाला तो तीस वर्षांनी. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून जे नमुने गोळा केले, त्यांतील ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार याने केले आणि १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. समुद्र कमी खारा असो वा अधिक, त्यातील मुख्य क्षारांचे परस्परप्रमाण जवळजवळ सर्वत्र एकच असते. दर किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, आणि त्यांचा ठरलेला आपसातला वाटा. एखाद्या वृत्ताची मात्रासंख्या जशी सांगता येते, तशी समुद्राची घटना आता सांगता येऊ लागली.

तरीही प्रमाण बिनचूक साधलेल्या पाण्यात मासे मरत होते. कारण क्षारांच्या यादीत जे नव्हते, तेच त्यांना मारत होते. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असते, त्याचा सामू ८.१ ते ८.४ च्या दरम्यान असतो. आणि सामू जितका चढा, तितका अमोनियाचा विषारी भाग अधिक. म्हणून गोड्या पाण्यात निभावून जाणारी चूक खाऱ्या पाण्यात प्राणघातक ठरते. या विषाचा उतारा सांडपाण्यात सापडला. फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्झ यांनी १८७७ साली वाळू व चुनखडीच्या थरातून सांडपाणी झिरपवले. सुमारे वीस दिवसांनी खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसू लागले. थरावर क्लोरोफॉर्म सोडताच ही क्रिया थांबली. म्हणजे ती करणारे कोणीतरी सजीव होते. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्‌स्की याने ते जीवाणू वेगळे काढले, आणि काम दोन टप्प्यांत चालते हे दाखवले : एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. ही कथा अजून संपलेली नाही. दोन्ही टप्पे एकटा पार पाडणारा जीवाणू २०१५ साली उजेडात आला. त्याचा एक पुरावा मत्स्यपालनाच्या गाळणीतूनच मिळाला.

नवी पेटी भरल्यावर चार ते सहा आठवडे मासे सोडू नयेत, असे जाणकार सांगतात ते याचसाठी. त्या काळात पेटी रिकामी दिसते, पण दगडांवर आणि गाळणीत हे जीवाणू वस्ती करीत असतात. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेले जिवंत दगड आणि हवेचे साधे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळांची पेटी चालवण्याची पद्धत लिहून काढली. सच्छिद्र दगडाच्या पृष्ठभागावर नायट्रेट तयार होते आणि त्याच्या आतल्या प्राणवायूविरहित भागात नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर होते, हे स्पष्टीकरण मागाहून आले. मत्स्यपेटीत आपण मासे पाळत नाही, पाणी पाळतो. आणि पाणी पाळणे म्हणजे हे जीवाणू पाळणे.

महाराष्ट्रात बहुतेकांना समुद्रातला मासा काचेआड पोहताना पहिल्यांदा दिसला तो मुंबईत. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले गेले, आणि मराठवाड्यातून सहलीला गेलेल्या किती पिढ्यांनी ते पाहिले असेल याची गणती नाही. २०१५ साली त्याचे नूतनीकरण झाले. त्या मत्स्यालयासमोर अरबी समुद्र पसरलेला होता. लातूरच्या मुरुडात प्रश्नाचे रूपच बदलते.

येथे घरात येणारे पाणी बहुधा बोअरचे. काळ्या पाषाणाच्या भेगांतून वर येणारे हे पाणी जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. लातूर जिल्ह्यातल्या अनेक ठिकाणच्या भूजलात नायट्रेटही पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेपेक्षा अधिक आढळते. शेतातले खत आणि गावातले सांडपाणी ही त्याची मुख्य कारणे. म्हणजे मत्स्यपेटीतले जीवाणू ज्या नायट्रेटवर येऊन थांबतात, ते येथे नळातूनच येते. त्यामुळे समुद्र करण्याची पहिली पायरी पाणी खारे करणे ही नसते, आधी त्यातले होते ते क्षार काढावे लागतात. आरओ यंत्रातून पाणी शुद्ध करायचे, मग त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्रक्षार विरघळवायचे, आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ आले की थांबायचे. जमिनीचे मीठ काढून समुद्राचे मीठ घालण्याचा हा व्यवहार विचित्र वाटेल. पण दोन मिठांत फरक आहे, हे जीभ सांगू शकत नाही, मासा सांगतो.

पुढची कामे उन्हाळा ठरवतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पाणी झपाट्याने उडते. उडते ते केवळ पाणी, मीठ मागे राहते. म्हणून घटलेली पातळी गोड्या शुद्ध पाण्याने भरायची असते. खारे पाणी घातले तर समुद्र दिवसेंदिवस अधिक खारट होत जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि वीज गेली की पंप थांबतो. गाळणीतले जीवाणूही श्वास घेतात, तेव्हा काही तासांच्या भारनियमनात माशांच्या बरोबर तेही गुदमरू लागतात. बॅटरीवरचा छोटा हवापंप जवळ नसेल, तर थिनबाईंच्या मोलकरणीचा उपाय अजूनही लागू पडतो : भांडे घ्यावे आणि धार धरावी.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. ज्या जिल्ह्यात प्यायला पाणी नव्हते, तेथे हा खेळ कशासाठी? १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, अंतर सुमारे ३४० किलोमीटर. एकेकाळी याच वाटेने बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावत असे. गॉसच्या काळी लंडनच्या हौशी लोकांसाठी रेल्वेने समुद्र आला, दीडशे वर्षांनी लातूरकरांसाठी रेल्वेने नदी आली. हा विरोधाभास झटकून टाकण्याजोगा नाही.

हिशेब मांडू. शंभर लिटरच्या पेटीत पंधरवड्याला दहा लिटर पाणी बदलायचे, तर आरओ यंत्राला तीस-चाळीस लिटर कच्चे पाणी लागते. उरलेले टाकाऊ म्हणून बाहेर येते. ते धुण्या-पुसण्याला वापरता येते, पण वापरायचे मनावर घ्यावे लागते. पेटीतून काढलेले खारे पाणी झाडांना घालता येत नाही, जमीन नासते. टँकरच्या महिन्यांत या पेटीचे समर्थन करता येणार नाही. दुसरा हिशेब किनाऱ्याचा. गॉसच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या संग्राहकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरची खडकातली डबकी ओरबाडून रिकामी केली, याची खंत त्याचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७ च्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात नोंदवली आहे. आपल्याकडे प्रवाळांच्या अनेक गटांना आणि समुद्रघोड्यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. मालवणच्या समुद्रातून जिवंत दगड उचलून आणणे हा छंद नसून गुन्हा आहे. ली चिन एंग यांची पद्धत वाचायला सोपी आहे, पण ती तशीच्या तशी येथे आणता येत नाही. कोरड्या दगडावर जीवाणू वाढेपर्यंत थांबावे लागते.

इतके अडथळे मांडूनही ही विद्या शिकण्याजोगी आहे, असे मला वाटते. पेटी घरात असो वा नसो. पाणी कोठून आले, त्यात काय विरघळले आहे, आपण त्यात रोज काय टाकतो आणि ते कोण निस्तरते, हे चार प्रश्न मत्स्यपेटी विचारायला लावते. यांपैकी एकही प्रश्न केवळ माशांचा नाही. गावची विहीर, नदी आणि धरण यांना हेच प्रश्न लागू आहेत. पण तेथे उत्तर चुकले तर परिणाम दिसायला वीस वर्षे लागतात आणि दोष कोणाचा हे ठरत नाही. पेटीत परिणाम तीन दिवसांत दिसतो, आणि जबाबदार माणूस एकच असतो. संतांच्या शब्दांतला समुद्र अपार होता, म्हणून तो तारून नेणाऱ्याची वाट पाहायची असे. लातूरच्या मुरुडातला समुद्र शंभर लिटरांचा आहे. त्याला तारणारा दुसरा कोणी येणार नाही.