युद्धाच्या लाकडाची काठी

काठीकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. तलवार, बंदूक, ध्वज आणि पदक यांना संग्रहालयात काचेची कपाटे मिळतात. काठी कोपऱ्यात उभी राहते. मराठीत मात्र तिची नावे थोडी नाहीत. गुराख्याचा सोटा, पहारेकऱ्याचा दंडुका, वारकऱ्याच्या पताकेची काठी, आणि जिच्या पोटात पाते दडविलेले असते ती गुप्ती. आधार देणे, अधिकार दाखविणे आणि मारणे ही तिन्ही कामे ती करते. केव्हा कोणते, हे ती धरणाऱ्यावर अवलंबून. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत तिला चौथे काम मिळाले. ते म्हणजे साक्ष देण्याचे. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धाच्या स्मृतिवस्तू जमविणाऱ्यांच्या जगात काठ्यांचे वेगळे दालन आहे. त्या दालनातून फिरताना लाकडाविषयी थोडे आणि माणसांविषयी बरेच कळते.

या दालनातील सर्वांत प्रसिद्ध काठी युद्धाच्या पाच वर्षे आधीची आहे. १९ आणि २० मे १८५६ रोजी मॅसॅच्युसेट्सचे सेनेटर चार्ल्स सम्नर यांनी गुलामगिरीच्या विरोधात सेनेटमध्ये प्रदीर्घ भाषण केले, आणि त्यात दक्षिण कॅरोलिनाचे वृद्ध सेनेटर अँड्र्यू बटलर यांची जहरी टवाळी केली. बटलर यांचे नातलग प्रेस्टन ब्रुक्स हे कनिष्ठ सभागृहाचे सदस्य होते. २२ मे रोजी सेनेटचे कामकाज संपल्यावर सम्नर आपल्या मेजाशी लिहीत बसले असता ब्रुक्स यांनी त्यांच्या डोक्यावर काठीने प्रहार सुरू केले. मेज जमिनीला पक्के केलेले होते. त्याखाली अडकलेल्या सम्नर यांनी ते मेज उखडून काढले, तरी मार थांबला नाही. काठीचे तुकडे झाले तेव्हाच तो थांबला. सम्नर यांना पुन्हा नियमितपणे सभागृहात बसता येण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागला. मॅसॅच्युसेट्सने तोवर त्यांची जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही.

ती काठी सोन्याच्या मुठीची, गटापर्चाची होती. गटापर्चा म्हणजे मलाया द्वीपकल्पातील एका झाडाच्या चिकापासून बनणारा कठीण पदार्थ. समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या तारांवर त्याच सुमारास त्याचेच वेष्टण असे. ब्रुक्स यांना काठीची गरज होती, कारण तरुणपणी द्वंद्वयुद्धात कमरेपाशी गोळी लागून ते जखमी झाले होते. न्यायालयाने त्यांना ३०० डॉलर दंड केला. त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि त्यांच्या मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले. आपल्या बाजूच्या लोकांनी काठीचे तुकडे पवित्र अवशेषांसारखे मागून नेले, असे त्यांनी भावाला दुसऱ्याच दिवशी कळविले होते. त्या तुकड्यांच्या अंगठ्या करून त्या दक्षिणेतील काही लोकप्रतिनिधींनी गळ्यातल्या साखळीत घातल्या. दक्षिणेच्या गावोगावहून ब्रुक्स यांच्याकडे नव्या काठ्या भेट म्हणून आल्या. सभागृहात निःशस्त्र माणसाला मारलेल्या काठीची ही पूजा ज्यांनी केली, त्यांना ते तुकडे कशाची आठवण म्हणून हवे होते, हे सांगावे लागत नाही. काठीचा एक अवशेष आज बॉस्टनच्या ‘ओल्ड स्टेट हाउस’मध्ये, म्हणजे मार खाणाऱ्याच्या शहरात, ठेवलेला आहे.

युद्ध सुरू झाले, आणि लाकडाला वेगळाच भाव आला. १२ मे १८६४ रोजी व्हर्जिनियातील स्पॉट्सिल्व्हेनिया येथे इतका अखंड गोळीबार झाला, की सुमारे २२ इंच व्यासाचे ओकचे झाड केवळ बंदुकीच्या गोळ्यांनी तुटून पडले. त्याचा बुंधा १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिला. पुढे तो स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. शिशाच्या गोळ्या त्यात अजून रुतलेल्या आहेत. हा बुंधा कोणी तासून विकला नाही, हे आश्चर्यच, कारण एरवी रणभूमीवरचे झाड म्हणजे काठ्यांची खाणच ठरे. पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्ग येथे १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत युद्धातील सर्वांत रक्तरंजित लढाई झाली. मृतांचे दफन आटोपते न आटोपते तोच तेथे प्रेक्षक येऊ लागले, आणि पाठोपाठ रणभूमीवरच्या लाकडाच्या काठ्या विकणारे कारागीरही.

परंतु खरी झुंबड उडाली ती अ‍ॅपोमॅटॉक्स येथे. ९ एप्रिल १८६५ रोजी सकाळी दक्षिणेचे सेनापती ली हे जनरल ग्रँट यांच्या निरोपाची वाट पाहत एका सफरचंदाच्या झाडाखाली काही वेळ थांबले होते. शरणागतीचा करार झाला तो गावातील विल्मर मॅक्लीन यांच्या घरात. तरीही शरणागती झाडाखालीच झाली अशी वार्ता फौजेत पसरली, आणि सैनिकांनी ते झाड पाहता पाहता तोडून, मुळेसुद्धा खणून नेली. ग्रँट यांनी आपल्या आत्मचरित्रात ही झाडाची कथा किंचित आधार असलेली कल्पित कथा म्हणून बाजूला सारली आहे. सेनापतीने खोडून काढलेली कथा बाजाराने मात्र सोडली नाही. त्या झाडाच्या म्हणून काठ्या आणि बारीकसारीक वस्तू विकल्या जाऊ लागल्या. मॅक्लीन यांच्या बैठकीचीही तीच गत झाली. ग्रँट यांनी ज्या मेजावर अटी लिहिल्या, ते जनरल शेरिडन यांनी वीस डॉलरच्या सोन्याला घेतले आणि जनरल कस्टर यांच्या पत्नीला भेट दिले. ते मेजही आज स्मिथसोनियनमध्ये आहे. घर स्वतः १८९३ साली राजधानीत नेऊन प्रदर्शनासाठी उभारण्याच्या बेताने विटाविटांनी उतरविण्यात आले. बेत फसला आणि ढीग तेथेच पडून राहिला. आज पर्यटक पाहतात ते घर विसाव्या शतकाच्या मध्यास नव्याने बांधलेले आहे.

संग्राहकाची अडचण नेमकी येथे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाची जात ओळखता येते. अमुक काठी सफरचंदाची आहे, ओकची नव्हे, हे तज्ज्ञ खात्रीने सांगेल. परंतु ती त्या सफरचंदाची आहे काय, हे लाकूड सांगत नाही. ते सांगतो सोबतचा कागद, मुठीवरचा कोरीव मजकूर, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची साखळी. आणि या तिन्ही गोष्टी लाकडापेक्षा सहज बनविता येतात. शिकागोचे मिठाईचे धनाढ्य व्यापारी चार्ल्स गुंथर यांच्या संग्रहाचे उदाहरण मोठे मासलेवाईक आहे. रिचमंडमधील लिबी तुरुंग या माणसाने उतरवून रेल्वेने शिकागोला आणला आणि १८८९ साली तेथे युद्धसंग्रहालय थाटले. लिंकन यांच्या अस्सल वस्तू त्यांच्याकडे होत्या, आणि ईडनच्या बागेतील सर्पाची कातही होती! पुढे शिकागोच्या इतिहास संस्थेने १९२० साली हा संग्रह विकत घेतला. अशा संग्रहाला हसणे सोपे आहे. तथापि कातीसाठी पैसे मोजणाऱ्या त्याच हातांनी खरी कागदपत्रेही रद्दीतून वाचविली, हे नाकारता येत नाही.

माझ्या मते या दालनातील मोलाच्या काठ्या बाजारासाठी केलेल्या नव्हेत. जुने सैनिक म्हातारपणी स्वतःच्या हाताने काठी कोरीत: तीवर पलटणीचे नाव, लढायांची नावे, कोठे वळसे घेणारा साप, कोठे गरुड. उत्तरेच्या माजी सैनिकांची संघटना १८६६ मध्ये स्थापन झाली आणि १८९० च्या सुमारास तिचे सुमारे चार लाख सभासद होते. १९१३ साली गेटिसबर्गच्या पन्नासाव्या वर्षी दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून अधिक वृद्ध तेथे जमले आणि भिंतीपलीकडून एकमेकांचे हात हाती घेतले. या हस्तांदोलनाची छायाचित्रे फार हृद्य वाटतात. मात्र युद्ध ज्या प्रश्नावरून झाले तो प्रश्न त्या समारंभात जवळजवळ अनुच्चारित राहिला. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णी सैनिक लढले होते. स्मृतिवस्तूंच्या बाजारात त्यांच्या वाट्याला फार थोडी जागा आली.

या युद्धाचा मराठी मुलखाशी आलेला संबंध बहुधा कापसापुरता सांगितला जातो. अमेरिकेचा कापूस थांबला, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला आणि शांतता होताच १८६५ मध्ये तो कोसळला. दुसरा संबंध जोतीराव फुले यांचा आहे. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. युद्ध कशासाठी होते याविषयी पुण्यातील या लेखकाच्या मनात संदिग्धता नव्हती, आणि ही अर्पणपत्रिका गेटिसबर्गच्या त्या समारंभाआधी चाळीस वर्षे लिहिलेली आहे.

येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात एक काठी आहे. मिसुरी राज्यातील हेन्री गजेल या पूर्वाश्रमीच्या गुलामाने ती १८६७ च्या सुमारास युद्धात जखमी झालेल्या जॉन ब्रायन या गृहस्थासाठी कोरली. दांड्यावर सरडा, कासव, वेटोळे घातलेला साप आणि गुडघे वाकवून चढणारी मानवाकृती आहे. अशा आकृतींचा संबंध अभ्यासकांनी आफ्रिकेतील कोंगो परंपरेशी जोडला आहे. हे खरे असेल, तर समुद्रापार विकून आणलेल्या लोकांनी जे हातांत जपले, तेच एका जखमी गोऱ्या माणसाला चालण्यासाठी आधार म्हणून मिळाले. या काठीला कोणत्याही रणभूमीचे लाकूड लागले नाही.

आणि शेवटी लिंकन यांची काठी. एप्रिल १८६५ मध्ये त्यांचा खून झाल्यावर त्यांच्या पत्नी मेरी यांनी पतीची एक काठी फ्रेडरिक डग्लस यांना पाठविली. डग्लस जन्माने गुलाम. पळून जाऊन वक्ते, लेखक आणि संपादक झालेले. ऑगस्टमध्ये त्यांनी पोच देताना लिहिले, की ही भेट ते केवळ स्वतःसाठी नव्हे, तर लिंकन यांना आपल्या सर्व बांधवांविषयी वाटणाऱ्या आस्थेची खूण म्हणून जतन करतील. मेरी लिंकन पुढे कर्जात बुडाल्या. १८६७ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कमध्ये आपले कपडे विकावयास काढले, तेव्हा लोक पाहावयास आले आणि घेतले जवळजवळ काहीच नाही. डग्लस यांचे रॉचेस्टरचे घर १८७२ साली आगीत भस्म झाले आणि त्यांच्या वृत्तपत्रांच्या वर्षानुवर्षांच्या फायली जळून गेल्या. काठी मात्र टिकली, आणि आज ती राजधानीतील त्यांच्या सीडर हिल या घराच्या संग्रहात आहे.