चेहरा तिचा, आवाज दुसरीचा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

स्लोवाकियाच्या अभिनेत्री माग्दा वाशारिओवा यांच्याविषयी बोलायचं तर मी सुरुवात त्यांच्या आवाजापासून करीन. १९६७ साली फ्रान्तिशेक व्लाचिल यांचा ‘मार्केता लाझारोवा’ हा चित्रपट आला. तेराव्या शतकातली कथा. मठाला वाहिलेल्या कोवळ्या मार्केताला लुटारू पळवून नेतात. मार्केता झालेल्या वाशारिओवा विशीच्या आतल्या होत्या. पण चित्रपट चेक, त्या स्लोवाक. त्यामुळे पडद्यावर चेहरा त्यांचा आणि आवाज चेक अभिनेत्री गॅब्रिएला व्ह्रानोवा यांचा! १९९८ मध्ये समीक्षकांनी हाच आजवरचा सर्वोत्कृष्ट चेक चित्रपट ठरवला.

त्यांचा जन्म १९४८ चा, बांस्का श्तियाव्निका या खाणींच्या गावातला. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांची सत्ता आली. थोरली बहीण एमिलिया हीही नामवंत अभिनेत्री. माग्दा यांनी मात्र विद्यापीठात शिक्षण घेतलं ते समाजशास्त्राचं.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे देशात शिरले. पुढच्या वर्षी त्यांनी युराय याकुबिस्को यांच्या ज्या चित्रपटात काम केलं, त्यावर बंदी आली. म्हणजे आधी आवाज गेला होता, आता अख्खा चित्रपटच डब्यात गेला. तरी त्या रंगभूमीवर आणि पडद्यावर काम करत राहिल्या. यिरी मेन्झेल यांच्या ‘पोस्त्रिझिनी’मधली, लांबसडक केस कापून टाकणारी त्यांची खट्याळ गृहिणी तर प्रेक्षकांच्या गळ्यातला ताईत झाली.

१९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली. १९९० साली त्या ऑस्ट्रियात राजदूत म्हणून गेल्या. ब्रातिस्लाव्हाहून व्हिएन्ना जेमतेम साठ किलोमीटर. पण मधल्या सीमेवर चाळीस वर्षं काटेरी तारांचं कुंपण होतं. १९९३ साली त्यांचा देशच दुभंगला. १९९९ मध्ये स्लोवाकियात राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिल्यांदाच थेट निवडणूक झाली. त्या उभ्या राहिल्या आणि सुमारे साडेसहा टक्के मतं मिळवून तिसऱ्या आल्या. पुढे त्या पोलंडमध्ये राजदूत झाल्या, २००६ पासून संसदेतही बसल्या.

लोकप्रिय नटीला साडेसहाच टक्के मतं, असं कुणी म्हणेल. मला तो पराभव लहान वाटतो. पडद्यावरच्या प्रेमाचं मतांत रूपांतर होतंच असं नाही, हे त्यांना ठाऊक नसेल काय? तरीही त्यांनी सुरक्षित कीर्ती पणाला लावली. २०१९ मध्ये झुझाना चापुतोवा स्लोवाकियाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्याच पदासाठी वीस वर्षांपूर्वी वाशारिओवा मतं मागायला उभ्या राहिल्या होत्या, आणि या वेळी आवाज त्यांचा स्वतःचा होता.