हाताची लिपी : टॅब्लेचरचा इतिहास आणि लेखनाची संकल्पना

लेखन हे ध्वनीचे प्रतिनिधित्व करते, हे गृहीत आपल्या साहित्यविचारात इतके खोल रुजलेले आहे की, ध्वनीचे नावही न घेता ध्वनी घडवून आणणारी लिपी आपल्याला अपुरी वाटते. गिटारवादकांचे टॅब्लेचर ही अशी लिपी आहे. सहा आडव्या रेषा म्हणजे सहा तारा; रेषेवरचा आकडा म्हणजे ती तार ज्या पडद्यावर दाबायची तो पडदा; शून्य म्हणजे मोकळी तार. पाश्चात्त्य पंचरेषा पद्धती स्वराची उंची दाखवते. भातखंड्यांची स्वरलिपी षड्जाच्या संदर्भात स्वराचे स्थान सांगते. ह्या दोन्ही पद्धती कृतीचा परिणाम नोंदवतात. टॅब्लेचर मात्र कृतीच नोंदवते.

ही लिपी गिटारच्या आधी ल्यूट ह्या वाद्यासाठी रूढ झाली. व्हेनिसच्या पेत्रुच्ची ह्या मुद्रकाने १५०७ मध्ये स्पिनाचीनोच्या ल्यूटरचना टॅब्लेचरमध्ये छापल्या. स्पेनमध्ये विहुएला ह्या गिटारसदृश वाद्यासाठी लुइस मिलानचा 'एल माएस्त्रो' हा ग्रंथ १५३६ मध्ये वालेन्सिया येथे छापून झाला. त्यातील गीतांमध्ये गायकाने म्हणावयाचे स्वर लाल आकड्यांनी दाखवलेले आहेत. म्हणजे गायकाने आपला स्वर वादकाच्या बोटांच्या जागांवरून वाचायचा. १५४६ मध्ये सेव्हिल येथे प्रसिद्ध झालेल्या अलोन्सो मुदाराच्या ग्रंथात विहुएलाच्या रचनांबरोबर तेव्हाच्या लहान गिटारसाठीही काही रचना आहेत. ह्या लिपीला स्पॅनिशमध्ये 'सिफ्रा' म्हणत. हा शब्द अरबी 'सिफ्र'वरून आला, आणि अरबांनी तो संस्कृत 'शून्य'चा प्रतिशब्द म्हणून योजला होता. येथे शून्याचा अर्थ नीरवता असा होत नाही. डाव्या हाताचा स्पर्श नसताना वाजणारी तार, असा तो अर्थ आहे. चिन्ह अभाव दाखवते, पण तो ध्वनीचा नसून बोटाचा अभाव असतो.

कृतीची नोंद करणारी लिपी काय जतन करते, हे मुदाराच्याच एका फँटसीवरून कळते. लुदोविको नावाच्या वादकाच्या शैलीतील हार्पचे अनुकरण करणारी ही रचना आहे. तिच्यात लागोपाठचे स्वर पुष्कळदा वेगवेगळ्या तारांवर घेतलेले असल्याने एकाचा नाद विरण्यापूर्वी दुसरा उमटतो आणि हार्पचा भास निर्माण होतो. पंचरेषा पद्धतीत केवळ स्वर उतरवले तर ते सर्व बरोबर येतील. परंतु ते कोणत्या तारेवर घ्यायचे हे गळून पडेल, आणि त्याबरोबर अनुकरणही. शेवटाकडील विसंवादी स्वर नीट वाजवले तर वाईट वाटणार नाहीत, अशी सूचना मुदारा देतो. संहितेचा निवाडा तो वाचकाच्या हातावर सोपवतो.

ह्या लिपीचे मौनही तितकेच बोलके आहे. गास्पार सान्सने १६७४ मध्ये सारागोसा येथे आपले गिटारशिक्षण प्रसिद्ध केले. तेव्हाच्या गिटारच्या चौथ्या व पाचव्या तारांना जाड, खर्जाची तार लावावी की केवळ बारीक तारा लावाव्यात, ह्याबाबत दोन्ही प्रघात होते, आणि सान्सने त्यांची चर्चा केली आहे. आकडा तोच राहतो, परंतु जुळणीप्रमाणे स्वर एका सप्तकाने बदलतो. पंचरेषेत उतरवणाऱ्या संपादकाला ह्यांपैकी एक पर्याय निवडावा लागतो. मूळ पानावर जी शक्यता मोकळी होती, ती लिप्यंतरात बंद होते. लिप्यंतर हे तटस्थ नसून ते एक भाष्य असते, ही गोष्ट येथे प्रत्यक्ष दिसते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गिटारवादकांनी पंचरेषा पद्धती स्वीकारली. त्याला सबळ कारणे होती. टॅब्लेचर स्वर केव्हा सुरू करायचा हे सांगते. तो किती काळ टिकवायचा हे सहसा सांगत नाही, त्यामुळे अनेक स्वररेषांची गुंफण कागदावर स्पष्ट होत नाही. शिवाय ते वाद्य न जाणणाऱ्याला ती लिपी वाचताच येत नाही. संगीतकृती ही वाद्यापासून आणि वादकापासून स्वतंत्र असते, ही कल्पना बळावल्यावर हाताशी बांधलेली लिपी गौण ठरणे स्वाभाविक होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच लिपी विद्युत् गिटारच्या वादकांमध्ये पुन्हा रूढ झाली. आकडे आणि सर्वांत वरची रेषा म्हणजे सर्वांत बारीक तार, हा मिलानचाच संकेत तिच्यात आहे. मात्र जुन्या टॅब्लेचरमधील कालदर्शक चिन्हे तिच्यात पुष्कळदा नसतात. कारण वाचकाने ते गाणे आधीच ऐकलेले असते. त्याला निरक्षर म्हणण्याची प्रथा आहे. परंतु स्मृती आणि पान ह्यांच्यामध्ये तो जे करतो, तेही वाचनच आहे. फरक इतकाच की, त्या वाचनाचा अर्थ मनात न थांबता बोटांत पूर्ण होतो. संहिता म्हणजे काय, ह्याची व्याख्या करताना ह्या वाचकाला वगळले, तर ती व्याख्याच अपुरी राहील.