समावेशक बालवाडी

विशेष गरजा असलेली आणि नसलेली, साधारण ३ ते ६ वर्षांची मुले जिथे एकाच वर्गात शिकतात, ती पूर्वप्राथमिक व्यवस्था. मुलाला खोलीत नुसते बसवून समावेशन होत नाही. खेळ, गाणी, डबा यांत त्याचा वाटा हवा. त्यासाठी वर्गानेच बदलायचे असते : जाड खडू, दिनक्रमाचा चित्रफलक, हातवाऱ्यांसह बडबडगीते, गोंगाट असह्य होणाऱ्या मुलासाठी शांत कोपरा. हे बदल सर्वच मुलांच्या उपयोगी पडतात. उशिरा बोलू लागणाऱ्या मुलाला तर बरोबरीच्या मुलांच्या बोलण्यातून मोठी चालना मिळते.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अनुदानित व मान्यताप्राप्त संस्थांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली. मात्र मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयालाच दिला. मेंदूच्या वेगवान वाढीची वर्षे त्याबाहेर राहिली, ही गंभीर उणीव होय. तिथे आधार उरतो तो १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडीचा. केंद्र शासनाच्या २०२३ च्या दिव्यांग बालकांसाठीच्या अंगणवाडी प्रोटोकॉलनुसार सेविकेने लक्षणे लवकर ओळखावीत, मुलाला गटात सामावून घ्यावे आणि पुढील तपासणीसाठी आरोग्य यंत्रणेकडे पाठवावे, अशी अपेक्षा आहे. पोषण आहार, लसीकरण आणि नोंदवह्या सांभाळणाऱ्या सेविकेला यासाठी मदतनिसाबरोबरच नियमित प्रशिक्षण मिळणे अत्यावश्यक आहे.