बैल हाकेला थांबतो
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावं घेतली की आज डोळ्यांपुढे येतात ती स्टेशनं. शंभर वर्षांपूर्वी हे सारं साष्टी बेट होतं आणि इथे भात पिकत होतं. मरोळ, कोंडिविटे, नाहूर, गोराई ही पावसाळ्यात नांगराची आणि चिखलणीची गावं होती. १९५० मध्ये मुंबईची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. हद्द पुढे सरकत गेली, तसा नांगर मागे सरला. खाचरांचे प्लॉट झाले आणि बैल कुठे गेले ते कोणी विचारलं नाही.

म्हणूनच एक गंमत झाली. १९६० च्या दशकात जपानमधून पॉवर टिलर नावाचं यंत्र भारतात आलं, तेव्हा उपनगरातली शेती जवळजवळ आटोपली होती. टिलरची आणि उपनगराची गाठ पडली ती वेगळ्याच वाटेने. उपनगरातल्या चाळींत कोकणातली माणसं राहत होती. जूनमध्ये रजा काढायची, एस.टी. धरायची, गावी जाऊन लावणी उरकायची आणि पुन्हा मशीनवर किंवा टेबलावर हजर व्हायचं, हा त्यांचा नेम. बैलजोडी वर्षभर पोसायची आणि ती राबणार पंधरा दिवस, हे गणित मुंबईच्या पगारावर बसेना. टिलर बसला. तो अकरा महिने चारा मागत नाही.

यंत्राचं मूळ मात्र जपानचं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समधल्या गिलगंड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या तरुणाने १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर, त्यांच्याच वाफेच्या इंजिनावर फिरत्या पात्यांचा प्रयोग केला. पहिली पाती माती बाजूला भिरकावत. मग त्याने इंग्रजी एल अक्षरासारखी वाकलेली पाती बसवली आणि माती जागच्या जागी भुसभुशीत झाली. १९२० मध्ये त्याने पेटंट घेतलं. आजही तुमच्या गावच्या टिलरखाली वाकून पाहा, पातं त्याच आकाराचं दिसेल. जपान्यांनी ही कल्पना आपल्या चिमुकल्या भातखाचरांच्या मापाला आणली, आणि आपल्या कोकणातली खाचरंही तेवढीच. बंगळुरूच्या व्ही. एस. टी. कंपनीने १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने आणि केरळच्या कॅमकोने १९७३ मध्ये कुबोटाच्या सहकार्याने हा धंदा सुरू केला. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. म्हणजे यंत्र आणि विद्यापीठ कोकणात साधारण बरोबरीने वाढले.

पण बैलाच्या जागी यंत्र आलं तेव्हा एक गोष्ट कोणी मोजली नाही. बैलाला जीव असतो, म्हणून त्याला भीती असते. माणूस पडला की तो बिचकतो, थांबतो. टिलरची पाती मिनिटाला दोनशेच्या वर फेरे घेतात. मोठ्या टिलरला क्लच एकदा लावला की हात सुटला तरी तो चालतच राहतो, आणि वजन चारशे किलोच्या घरात.

१९९१ चा जुलै होता. मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि सुटीसाठी गावी गेलो होतो. माझे मामू एका कारखान्यात फिटर होते. यंत्राची त्यांना भीती नव्हती, आणि माझ्या मते घात तिथेच होता. बांधाच्या कोपऱ्यात टिलर मागे घेताना पाती फिरती होती. मामूंचा पाय चिखलात सरकला, लुंगीचा सोगा पात्यात गेला आणि कापडामागून पाय. शेजारच्या खाचरातल्या पोराने धावत येऊन इंजिन बंद केलं. उजवं पाऊल गेलं. पुढे ते बरीच वर्षं जगले, हसूनखेळून जगले, आणि कोणी विषय काढला की म्हणत, ‘‘बैलाला नुसतं हो म्हटलं असतं, तर थांबला असता रे.’’

कायद्याचं म्हणाल तर १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. तो मुख्यतः मळणी यंत्रांसाठी, कारण उत्तरेत मळणी करताना शेकडो मजुरांचे हात गेले होते. टिलर त्यात नावाने आला नाही. आज महाराष्ट्रात शेतकरी अपघातासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख, एक अवयव गेला तर एक लाख. पाऊल परत येत नाही, पण घरच्यांनी अर्ज तरी करावा. पुष्कळांना ही योजना ठाऊकच नसते.

टिलर चालवण्यातलं एक इंगित नव्या माणसाला आधी सांगायलाच हवं. हँडलखाली डावा-उजवा असे दोन खटके असतात. सपाटीवर डावा खटका दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते आणि यंत्र डावीकडे वळतं. उतारावर नेमकं उलट होतं. ताकद तुटलेलं चाक मोकळं होऊन पुढे धावतं, उजव्याला इंजिन धरून ठेवतं आणि यंत्र उजवीकडे जातं. कोकणात घरापासून खाचरापर्यंतची वाट उताराचीच. मुंबईहून आलेला, वर्षातून चार दिवस हँडल धरणारा मुलगा घाबरून तोच खटका आणखी दाबतो आणि दरीकडे जातो. उतारावर खटक्याला हात लावू नये. गती कमी करून हँडलच्या जोरावर वळवावं. आणि मागे घेण्याआधी पाती थांबवावीत, पाठीमागे बांध किंवा झाड नाही ना ते बघावं.

काही नव्या छोट्या पेट्रोल टिलरना मूठ दाबून धरावी लागते, सोडली की पाती थांबतात. म्हणजे यंत्राला हाक ऐकू येऊ लागली म्हणायची. त्यावर आपल्या लोकांनी काढलेला उपाय मी डोळ्यांनी पाहिला आहे: हात दुखतो म्हणून मूठ सुतळीने बांधून टाकायची! लुंगी, ओढणी, लोंबता पदर आणि ही सुतळी, यांतलं काहीही यंत्राजवळ असू नये. पात्यात गवत अडकलं तर इंजिन बंद करून, पेट्रोल यंत्र असेल तर प्लगची वायर काढून मगच कोयती लावावी.

आता ठेवण्याचा प्रश्न. गावी टिलर ठेवतात रिकाम्या गोठ्यात, कारण जागा तीच मोकळी झाली. पण गोठ्याच्या माळ्यावर पेंढा असतो आणि खाली नुकत्याच थांबलेल्या इंजिनाचा तापलेला सायलेन्सर. अर्धा तास बाहेर निवू द्यावा, मग आत घ्यावा. बंद गोठ्यात इंजिन चालू करून बघणं तर नकोच. त्या धुरातल्या विषारी वायूला ना रंग ना वास.

इकडे उपनगरात वेगळीच कथा. कर्जत-बदलापूरकडे कोणाची चार गुंठ्यांची बाग असते, तिथे चोरीची भीती, म्हणून छोटा टिलर गाडीत घालून सोसायटीत आणतात आणि मीटरच्या खोलीत किंवा जिन्याखाली लोटतात. टाकीत पेट्रोल, शेजारी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये आणखी पाच लिटर, डोक्यावर विजेचे मीटर आणि साऱ्या इमारतीला उतरायला तोच जिना. १९३४ चा पेट्रोलियम कायदा विनापरवाना तीस लिटरपर्यंत पेट्रोल बाळगू देतो, पण भांडं घट्ट बुचाचं हवं, आणि भांड्यांत तो काच, चिनी माती आणि धातू एवढ्यांचीच नावं घेतो. काचेचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर पंचवीस. प्लॅस्टिकच्या कॅनचा त्यात उल्लेख नाही.

हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, उरलेलं पेट्रोल गाडीत ओतावं आणि इंजिन बंद पडेपर्यंत मोकळ्यावर चालवावं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पुढच्या जूनला कार्ब्युरेटर चोंदलेला सापडतो. मग नवशिका माणूस दोरी ओढत बसतो, चिडतो, आणि चिडलेल्या हातांनी पात्यांशी झोंबतो. पाती धुऊन पुसून तेलाचा हात द्यावा. वर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नये, आत घाम सुटतो आणि गंज धरतो. जुनं गोणपाट पुरे. फक्त त्यात उंदराने घर केलं नाही ना, ते पहिल्या पावसाआधी झटकून बघावं. वायरी तोच खातो.